मधल्या वर्षांतली मुलगी

तेरा-चौदा वर्षांची मुलगी दमली, तर तिच्या दमण्याची कारणं शोधावी लागत नाहीत, ती तयारच असतात. वय आहे. पाळी सुरू झालीय. कामाचा कंटाळा करते. अभ्यास नको म्हणून डोकं दुखतंय म्हणते. इतकी कारणं हाताशी असली की बोटातून थेंबभर रक्त काढून बघावं, हे कुणाच्या मनातच येत नाही. आणि मुलगी गावातली असेल, तपासणीची सोय दूर असेल, तिकडे जायला दिवसभराचं काम बुडवावं लागत असेल, तर ही तयार कारणंच तिच्या नावापुढे कायमची लागतात.

मी बरीच वर्षं रक्त तपासण्याच्या कामात काढली. काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की निरोगी लाल पेशीच्या मधोमध फिकट भाग दिसतो, पेशीच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. लोह कमी पडत गेलं की पेशी लहान होतात आणि हा फिकटपणा कडेकडे सरकतो. कमतरता फारच वाढलेली असेल, तर पेशीचं नुसतं कडं उरतं. अशा काचा पाहताना मला दरवेळी वाटायचं, ही वेळ यायला किती महिने गेले असतील. कारण हिमोग्लोबिन उतरतं ते शेवटी. त्याआधी यकृतातला, अस्थिमज्जेतला लोहाचा साठा संपतो, मग नव्या पेशी बनवताना ओढाताण सुरू होते, आणि हे सगळं होईपर्यंत हिमोग्लोबिनचा आकडा बराच काळ ठीक दिसत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात बारा ते चौदा वर्षांच्या मुलीला डेसिलिटरमागे 12 ग्रॅमच्या खाली ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय, धरतात. जिचं 12.2 आलं, ती ‘नॉर्मल’ ठरून घरी जाते. तिचा साठा रिकामा आहे हे सांगणारी फेरिटिनची तपासणी वेगळी असते, महाग असते आणि गावपातळीवर बहुधा नसतेच.

या ‘नॉर्मल’ मुलींबद्दलचा एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. 1996 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या चार हायस्कूलमधल्या मुली निवडल्या होत्या. ॲनिमिया एकीलाही नव्हता, पण लोहाचा साठा कमी होता. निम्म्या मुलींना आठ आठवडे लोह दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांनी लोह मिळालेल्या मुली शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत दुसऱ्या गटाच्या पुढे होत्या. प्रयोगाआधी या मुलींना आजारी म्हणणारं कुणी नव्हतं. त्यांना काय म्हणत असतील, ते मला ठाऊक आहे: लक्ष नाही, डोक्यात शिरत नाही. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं, हे पाठ्यपुस्तकात असतं. पण मागच्या बाकावर बसून फळ्याकडे बघणाऱ्या मुलीचा आणि त्या वाक्याचा संबंध जोडायला कुणीतरी लागतं.

लोहाचा हिशेब मांडला की हे वय किती अडचणीचं आहे ते कळतं. शरीर लोह फार जपून वापरतं. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ती मोडली की तिच्यातलं लोह परत नव्या पेशीत जातं. रोजच्या नव्या पेशींसाठी वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं, ते जवळपास सगळं या फेरवापरातूनच येतं. बाहेरून, म्हणजे अन्नातून, रोज शोषलं जातं ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. आता या काटेकोर जमाखर्चात किशोरवय येतं. उंची झपाट्याने वाढते, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, स्नायू भरतात, आणि या प्रत्येकाला लोह हवं. मुलींमध्ये उंचीचा सगळ्यात वेगवान टप्पा आधी येऊन जातो आणि पाळी त्यानंतर सुरू होते. म्हणजे वाढीने साठा वापरून टाकलेला असतो, आणि तेव्हाच दर महिन्याचा खर्च सुरू होतो. पाळीत सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम लोह धरलं, तर महिन्याला पंधरा ते वीस मिलिग्रॅम. रोजच्या एक-दीड मिलिग्रॅमच्या आवकेतून हे भरून काढायचं.

यावर लगेच येणारं उत्तर ‘नीट खात नाही’ हे असतं. ते मला नेहमीच अपुरं वाटत आलंय. ती खाते, पोटभरही खाते. पण धान्य आणि डाळी यांवरच भागणाऱ्या जेवणात लोह असूनही अंगी लागत नाही, कारण धान्याच्या कोंड्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं. मांसातलं लोह बऱ्यापैकी शोषलं जातं, वनस्पतींतलं जेवणानुसार 2 ते 20 टक्के. त्याच ताटात ‘क’ जीवनसत्त्व असलेलं एखादं आंबट फळ किंवा कच्ची भाजी असली तर हे प्रमाण वाढतं. जेवणाला जोडून चहा घेतला तर घटतं. पोट भरल्याची खूण आणि पेशीला पोचल्याची खूण वेगळ्या आहेत. म्हणून या भुकेला छुपी भूक म्हणतात. ती लागत नाही, ओरडत नाही.

त्यात वारंवारचे ताप, जुलाब, जंतुसंसर्ग. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक बनवतं. साधारण 2000 सालाच्या आसपास त्याचा शोध लागला आणि लोहाविषयीची आमची समज पार बदलली. शरीरात दाह, म्हणजे संसर्गाने उठलेली सूज, असला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून लोह रक्तात उतरण्याची वाट बंद करतं. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही नाकेबंदी. पण जिला दर थोड्या दिवसांनी काही ना काही होतं, कारण पाणी खराब आहे आणि शौचालय नाही, तिची नाकेबंदी उठतच नाही. मग जेवण सुधारलं तरी ते पुरतं पोचत नाही. पाणी आणि मलनिस्सारण यांना पोषणाच्या योजनेत तळटीपेची जागा मिळते, त्याचं मला म्हणूनच वाईट वाटतं.

आणि अंकुशकृमी. विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारा, आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. एका जंताने रोज नेलेलं रक्त अगदी थोडं असतं, पण जंत शेकड्यांनी असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागात तो इतका पसरला होता की शाळकरी वयातली सुमारे 40 टक्के मुलं बाधित होती. तिथल्या लोकांना आळशी, मंद म्हणायची पद्धत होती. 1902 साली चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने या जंताविषयी भाषण दिलं, तेव्हा वर्तमानपत्राने त्याचं बारसं ‘आळशीपणाचा जंतू’ असं केलं. 1909 मध्ये रॉकफेलर या तेलसम्राटाच्या पैशातून तिथे निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. रक्त कमी असलेल्या माणसाच्या स्वभावाला दोष देण्याची सवय अशी जुनी आहे, आणि मुलींच्या बाबतीत तर ती शतकांची आहे.

1554 साली योहानेस लांगे या जर्मन वैद्याचं एक पत्र प्रसिद्ध झालं. मित्राच्या मुलीची तक्रार होती: चेहरा पांढराफटक पडलाय, जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, अन्नावर वासना नाही. लांगेने याला कुमारिकांचा रोग ठरवलं आणि उपाय सांगितला, मुलीचं लग्न करा. हा आजार पुढे क्लोरोसिस म्हणून ओळखला गेला. युरोपात तीनशेहून अधिक वर्षं त्याला प्रेमभंग, मनाचा हळवेपणा, घट्ट कपडे अशी कारणं दिली जात होती. गंमत नाही, दुःख याचं आहे की औषध हाताशी होतं. सतराव्या शतकात सिडनहॅम हा इंग्रज वैद्य लोखंडाचा कीस दारूत भिजवून द्यायचा. फ्रान्समध्ये ब्लो नावाच्या डॉक्टरने 1832 च्या सुमारास लोहाच्या गोळ्या देऊन मुली बऱ्या होतात हे दाखवलं. तरी वाद चालूच राहिला. 1890 च्या दशकात राल्फ स्टॉकमन या डॉक्टरने स्कॉटलंडमध्ये दोन गोष्टी केल्या: लोहानेच आजार बरा होतो हे पडताळून पाहिलं, आणि या मुली दिवसभरात काय खातात ते मोजलं. अन्नातलं लोह अपुरं निघालं. कुणीतरी तिचं ताट मोजावं, एवढ्यासाठी तीनशे वर्षं गेली.

जस्ताच्या (झिंकच्या) कमतरतेची कहाणी तर मला जास्तच बोचते. 1958 साली इराणच्या शिराझ शहरात आनंद प्रसाद या भारतीय वंशाच्या तरुण डॉक्टरसमोर एक रुग्ण आला. वय 21, दिसायला दहा वर्षांचा. वाढ खुंटलेली, वयात आल्याची एकही खूण नाही, रक्त अत्यंत कमी. खाणं म्हणजे न आंबवलेली गव्हाची रोटी आणि जोडीला माती. नुसत्या लोहाच्या कमतरतेने एवढं होत नाही, हे प्रसादांना जाणवलं. पुढे इजिप्तमधल्या कामातून हे जस्ताच्या अभावाने होतं, हे सिद्ध झालं. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकतं, हेच वैद्यकशास्त्र मानत नव्हतं. 1961 मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी पहिलं वर्णन छापलं, त्यात 11 रुग्ण होते, सगळे पुरुष. 1972 साली त्याच शिराझमध्ये जस्त देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यातले 15 तरुण कुठून मिळाले? सैन्यभरतीच्या केंद्रावर, कुपोषणामुळे नाकारलेल्यांमधून. त्यांच्यासोबत दोन तरुणी होत्या, एकोणीस आणि वीस वर्षांच्या.

दोन. तेच गहू, तीच माती, तीच घरं. मुलांना वयाच्या एका टप्प्यावर निदान सैन्याने तरी उभं करून मोजलं, उंची कमी भरली म्हणून बाजूला काढलं, आणि त्या नाकारण्यातून ते डॉक्टरांच्या नजरेस पडले. त्यांच्या बहिणींना कुणीच उभं केलं नाही. वाढ खुंटलेल्या मुली तिथे नव्हत्या, यावर माझा विश्वास बसत नाही. जस्त कमी पडलं की चव आणि भूक दोन्ही मंदावतात, हेही इथेच सांगायला हवं. म्हणजे ‘ही काही खातच नाही’ ही तक्रार अनेकदा आजाराचं लक्षण असते.

आजही फार वेगळं नाही. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याचं वजन, उंची, लसी यांच्या नोंदी होतात. मग मुलगी पुन्हा नोंदवहीत येते ती गरोदर झाल्यावर. मधली वर्षं कोरी. जगातल्या ॲनिमियाचे जे मोठे आकडे आपण वाचतो, ते प्रामुख्याने दोन गटांचे असतात: सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, आणि पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रिया. 2022 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या एका अभ्यासाने अंदाज मांडला की गरोदर नसलेल्या, प्रजननक्षम वयातल्या दर तीन स्त्रियांपैकी दोघींना लोह, जस्त, फोलेट (‘ब’ गटातलं एक जीवनसत्त्व) यांपैकी निदान एकाची कमतरता आहे. जगभर मिळून सुमारे 120 कोटी स्त्रिया. आकडा भयंकर आहे. पण तोही पंधरापासूनचा. दहा ते चौदा वर्षांची मुलगी, जिची वाढ ऐन भरात आहे, जिची पाळी नुकतीच सुरू झालीय, ती या आकड्यात धरलेलीच नाही.

तिच्याकडे लक्ष द्या असं सांगणारेही बहुतेकदा एकच कारण देतात: ती उद्याची आई आहे. हे खोटं नाही. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत मिटते, म्हणजे दिवस गेल्याचं नीट कळायच्या आधीच, आणि फोलेट त्याआधीच अंगात असावं लागतं. आणि जिची स्वतःची वाढ पुरी झालेली नाही, तिला दिवस गेले तर ती आणि बाळ एकाच अपुऱ्या शिध्यावर जगतात. हे सगळं मान्य. तरीही मला हा युक्तिवाद पुढे केलेला आवडत नाही. लांगेने मुलीच्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघून तिच्या लग्नाचा विचार केला, आपण तिच्या बाळंतपणाचा करतो. तिला आज धाप लागतेय. तिला आज पाण्याचं भांडं घेऊन चढ चढायचाय, आज गणित समजून घ्यायचंय, मैत्रिणींबरोबर पळायचंय. पुढे तिला मूल होवो न होवो, हे एवढं कारण गोळी द्यायला पुरेसं असायला हवं.

मुलींना मुली म्हणून पाहिलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजणं, इतका सर्रास होता की शाळेतल्या कितीतरी मुलींच्या गळ्यावर सूज दिसायची. 1917 पासून डेव्हिड मरीन आणि किंबॉल या डॉक्टरांनी पाचवी ते बारावीच्या मुलींना वर्षातून दोनदा, काही दिवस, आयोडीनचा क्षार थोडाथोडा द्यायला सुरुवात केली. घेणाऱ्या 2,190 मुलींपैकी 5 जणींना गलगंड झाला. न घेणाऱ्या 2,305 जणींपैकी 495 जणींना. अशा कामांतूनच पुढे मिठात आयोडीन घालणं आलं, 1922 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, 1924 मध्ये मिशिगनमध्ये. आज त्या मिठाने जगातली कोट्यवधी घरं गाठली आहेत. पण या पुराव्याची सुरुवात शाळेच्या वर्गात रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींपासून झाली, हे फारसं कुणी सांगत नाही.

एक क्षार, एक आजार, एक उपाय, असं मात्र दरवेळी होत नाही. थायरॉइडला आयोडीन वापरायला जे विकर लागतं, त्यात लोह असतं. म्हणून लोह कमी असलेल्या मुलांत आयोडीन दिलं तरी गलगंड हट्टाने टिकतो. पश्चिम जावामधल्या गरोदर स्त्रियांवरच्या 1993 च्या अभ्यासात फक्त लोह दिलेल्यांपैकी 68 टक्के ॲनिमियातून बाहेर आल्या, लोहासोबत ‘अ’ जीवनसत्त्व दिलेल्यांपैकी 97 टक्के. आणि मातीही यात आहे. जिथल्या जमिनीतच जस्त, आयोडीन किंवा सेलेनियम कमी, तिथलं पीक खाऊन राहणाऱ्यांच्या अंगातही ते कमीच येतं. शहरातल्या ताटात दहा ठिकाणची माती असते, गावातल्या ताटात बरेचदा एकाच शिवाराची. जे चांगलं पिकतं, दूध, अंडी, फळं, ते विकायला जातं, कारण पैसा त्यातूनच येतो. पिकवणाऱ्या घरातल्या मुलीला याबद्दल बोल लावावा असं यात काहीही नाही.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथेच बरंच काही बिघडतं. जिथे स्त्रियांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण 20 टक्के किंवा जास्त आहे, तिथे पाळी येणाऱ्या मुलींना आठवड्यातून एकदा 60 मिलिग्रॅम लोह आणि 2.8 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 40 टक्के किंवा जास्त असेल, तर वर्षातले सलग तीन महिने रोज 30 ते 60 मिलिग्रॅम लोह. या गोळीने मळमळतं, पोट दुखतं, शौचाला काळं होतं. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात गोळी खिडकीबाहेर जाते, आणि त्यात मुलीची काहीच चूक नाही. घाबरवणारी गोष्ट अंगात होतेय आणि सांगायला कुणी नाही, मग ती दुसरं काय करणार? एकदा गोळी घेतली की हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवरच्या अलीकडच्या अभ्यासांत दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोहाचा जास्त वाटा अंगी लागतो, असं दिसलंय. ज्यांना रोजची गोळी सोसत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांशी बोलायला हा एक चांगला मुद्दा आहे.

उपचार लागू पडला, तर आठवड्या-दीड आठवड्यात नव्या पेशी रक्तात दिसू लागतात, आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅमने चढतं. तेवढं चढलं नाही, तर ‘गोळ्या घेतल्याच नसतील’ असं म्हणून मोकळं होऊ नये. ब-12 जीवनसत्त्व कमी असू शकतं, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो, जंत असू शकतात. आणि हिमोग्लोबिन भरलं म्हणजे संपलं, असंही नाही. रिकामा झालेला साठा भरायला त्यानंतर आणखी तीनेक महिने लागतात. नेमक्या तेव्हाच गोळ्या थांबतात, आकडा बरा आला म्हणून, शाळेला सुट्टी लागली म्हणून, किंवा मुलगी शाळेतूनच काढली म्हणून. शाळेत वाटल्या जाणाऱ्या गोळ्या शाळा सोडलेल्या मुलीपर्यंत आपोआप पोचत नाहीत, आणि तिलाच त्या सगळ्यात जास्त लागतात.

शिवाय पाळीबद्दल विचारायला हवं. हे अजूनही विचारलं जात नाही. चक्राला 80 मिलिलिटरहून जास्त रक्त जाणं म्हणजे अतिस्राव, पण मिलिलिटर कुणी मोजत नाही, आणि आईचंही तसंच जात असेल तर मुलीला ते साहजिक वाटतं. 1920 च्या दशकात फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी ओलांड बेटांवरच्या एका खेड्यातल्या कुटुंबाचा अभ्यास केला, त्यातून रक्त न गोठण्याचा एक आनुवंशिक आजार जगाला कळला. त्यांच्याकडे आणलेली पाच वर्षांची मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात गेली. तो आजार आज सापडतो आणि सांभाळताही येतो, पण कुणी विचारलं तर. किती दिवस जातं? सात दिवसांच्या वर जातं का? गाठी पडतात का? रात्री कापड किंवा पॅड बदलायला उठावं लागतं का? लहानपणापासून नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं का? घरात आणखी कुणाला? गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, शिक्षिकेला, आईला, मोठ्या बहिणीला हे विचारता येतं. दहाव्या-अकराव्या वर्षापासून, वर्षातून दोनदा, एका वहीत, तारखेसह, हिमोग्लोबिनच्या शेजारी.